चपलांचं गाणं

आक्काला एकाही गाण्याचं नाव माहीत नव्हतं. सिनेमा कुठला, गायलं कोणी, शब्द काय, यांतलं काही तिला सांगता यायचं नाही. पण साठीच्या आतबाहेरची, आंबेनळी घाटाखालच्या एका वाडीत जन्म काढलेली ही बाई प्रेमाच्या गाण्यांवर जेवढं बोलायची, तेवढं मी कॉलेजातल्या पोरांनाही बोलताना ऐकलं नाही. प्रत्येक गाण्याला तिनं स्वतःच नाव ठेवलं होतं, आणि ते नाव गाण्यात कुठंच नसलेल्या वस्तूचं असायचं. उसाच्या रसाचं गानं. फुटक्या कंदिलाचं गानं. चपलांचं गानं. ते गाणं कानावर पडत असताना तिच्या आयुष्यात जे काही घडत होतं, तेच त्याचं नाव.

आमची ओळख महाडच्या एका डायलिसिस केंद्रात झाली. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. एक्केचाळिसाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ ते बारा मला तिथं जाऊन पडावं लागायला लागलं. चार खाटा, चार मशिनं. दंडात दोन जाड सुया, एका नळीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून धुऊन परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही. पहिल्या दिवशी मी छताकडे बघत पडलो होतो. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि ती दहावीला जाईल तेव्हा मी असेन की नाही, एवढा एकच हिशेब डोक्यात चालू होता. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "मास्तर, तुजं गानं कुठलं?"

मला वाटलं, मशीन कुठलं विचारते आहे. मान वळवली तर एक काळीसावळी, हाडकुळी बाई, कपाळावर हिरवं गोंदण, माझ्याकडे रोखून बघत होती. "गानं रं. बायकांसाटी मानसं म्हनतात तसलं. परत्येकाचं येक आसतं. तुजं कुठलं?"

मी एक भावगीत सांगितलं. सकाळी रेडिओवर लागतं, चारचौघांत सांगायला बरं. तिनं ते ओळखलं नाही म्हणून मी दोन ओळी गुणगुणलो. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्ये तुजं नाय. ह्ये परीक्षेत लिवायचं गानं हाय." पलीकडच्या खाटेवर गायकवाड साहेब होते, पंचायत समितीतून निवृत्त झालेले, कधी न हसणारे. ते खुसकन हसले. मी तिला "आक्का, तुम्ही…" असं काहीतरी म्हणायला गेलो, तर तिनं तिथंच अडवलं. "तुमी म्हनलास का मला डाक्टरशी बोलल्यासारकं वाटतं. आक्का, तू, आसं म्हन." त्या दिवसापासून मी तिला अगंतुगं करू लागलो.

तिचं स्वतःचं आवडतं म्हणजे चपलांचं गाणं. ते तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं की शेवटी टेक्निशियन प्रणालीसुद्धा मधली वाक्यं भरायची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं आक्काला महिनाभर मुंबईला नेलं होतं. तो कुर्ल्याच्या एका पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशिनीवर होता. एका रविवारी तो तिला चपला घ्यायला घेऊन गेला. तोवर तिनं पायात काही घातलं नव्हतं. दुकानात रेडिओ लागलेला. दुकानदारानं माप घ्यायला तिचा पाय धरला तसा तिनं तो झटक्यानं मागं घेतला. मग नवराच खाली बसला, तिचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि चपला चढवल्या. "भर बाजारात, मास्तर! माज्या पायाला हात लावला. मी लाजंनं मेले. आनि ह्यो रेडिओबरूबर गातोय. दुकानदार हसतोय, ह्यो गातोय." घाटात एसटीतून उतरल्यावर वाडीपर्यंतची सगळी पायवाट ती त्या चपला हातात घेऊन चालली, झिजतील म्हणून.

"मग घातल्या कधी?" प्रणालीनं एकदा विचारलं.

"सासूनं घातल्या. वरीसभर. तिच्या पायाला बसल्या, मंग मी सोडल्याच."

हे गाणारं माणूस, आक्काचा नवरा, आमचे तात्या, केंद्राच्या बाहेर बाकड्यावर बसलेलं असायचं. दर खेपेला ते आक्काला घेऊन यायचे. पाऊण तास चालून रस्ता, मग पोलादपूर, मग महाड. चार तास ते मांडीवर पिशवी घेऊन भिंतीकडे बघत बसायचे. मी पहिल्यांदा त्यांना नमस्कार करून नाव विचारलं तर ते मोठ्यानं म्हणाले, "मला आयकू येत न्हाय, मास्तर. कानाला मशिनीनं खाल्लं." तीस वर्षं प्रेसची धाडधाड ऐकून तात्या पार बहिरे झाले होते. आक्का सांगायची, "आदी त्यांची गानी गेली. मंग पोरांच्या हाका गेल्या. मंग मी गेले. आता मी व्हट हलवते, त्ये बगतात." जगातलं जे काही तात्यांपर्यंत पोचायचं ते आक्काच्या ओठांतून आणि हातांतून पोचायचं. डॉक्टर काय म्हणाले, एसटी किती वाजता, कोण वारलं, सगळं. बाकीच्यांचे ओठ त्यांना फारसे समजायचे नाहीत.

घरी मात्र दोघांची एक रीत होती. आक्का भिंतीला टेकून बसायची, तात्या तिच्या पाठीवर पंजा ठेवायचे आणि ती गुणगुणायची. हाडांतून जे काही हाताला लागायचं त्यावरून ते गाणं ओळखायचे. आमचा विश्वास बसेना. एका शुक्रवारी प्रणालीनं तात्यांना आत बोलावलं. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, हात धुतले, खाटेमागं उभे राहिले आणि आक्काच्या पाठीवर हात ठेवला. आक्का गुणगुणू लागली. तात्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळे मशिनांच्या घरघरीत श्वास धरून बसलो. मग ते एकदम ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे, "उसाचा रस!" बाहेरून नर्स धावत आली. गायकवाड साहेबांनी मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली.

गायकवाड साहेबांचं गाणं काढायला तिला दोन महिने लागले. "आमच्या घरात गाणी म्हणजे भीमगीतं," ते सांगायचे. "ती र्‍हाऊ दे रं सायेब, ती हायेतच," आक्का म्हणायची. "बायकोवरचं कुठलं?" शेवटी एका मंगळवारी त्यांनी तोंड उघडलं. त्यांची पत्नी शिवणकाम करायची. पायाची मशीन चालवता चालवता ती एकच गाणं म्हणायची, मशीन थांबली की गाणं थांबायचं, धागा ओवून झाला की पुढच्या शब्दापासून सुरू. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. "घरात मशीन अजून आहे," एवढं म्हणून ते थांबले. प्रणालीनं ते गाणं मोबाइलवर शोधून लावलं. साहेब ऐकत राहिले आणि म्हणाले, "यात मधे थांबत नाही. तिचं थांबायचं." आक्कानं त्याचं नाव शिलाईचं गानं असं ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी साहेबांची खाट रिकामी होती. बुधवारी झोपेतच गेले, प्रणालीनं सांगितलं. आमच्यात असं व्हायचं. प्रत्येकजण आपापल्या मशीनकडे बघायचा. दहा वाजता त्या खाटेवर नवीन पेशंट येणार होता, चादर बदलून झाली होती. आक्का त्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून ते गाणं म्हणू लागली. शब्द निम्मे चुकीचे, आवाज फाटका. मधेच थांबायची, दोरा ओवायला लागेल तेवढा वेळ, आणि पुढच्या शब्दापासून परत धरायची. पूर्ण म्हणून झाल्यावर तिनं डोळे पुसले नाहीत, एक हात बांधलेला आणि दुसऱ्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा होता.

त्याच आठवड्यात मी माझं खरं गाणं तिला सांगितलं. कॉलेजात असताना तुडीलची एक मुलगी आमच्या वर्गात होती. संध्याकाळी महाडच्या स्टँडवर तिची एसटी लागायची. समोरच्या पानवाल्याकडे एकच गाणं सारखं वाजत असायचं. तीन वर्षं मी रोज स्टँडवर उभा राहिलो. शेवटच्या वर्षी तिनं गाडीच्या खिडकीतून मला सरळ विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" मी नाही म्हणालो. घरी काय म्हणतील, तिच्या घरचे काय म्हणतील, सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी नाही म्हणालो. गाडी गेली. पुढं तिचं लग्न झालं, ती नालासोपाऱ्याला गेली. हे मी माझ्या बायकोला, सुजाताला, कधी सांगितलेलं नव्हतं.

आक्कानं मोकळ्या हातानं चादरीची कड सारखी केली. मग म्हणाली, "सुटल्या यष्टीचं गानं." आणि थोड्या वेळानं, "तू गप र्‍हानारा मानूस हायेस, मास्तर." तो दोष होता की गुण, हे तिच्या आवाजावरून मला कळलं नाही.

त्या पावसाळ्यात घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. आक्काच्या दोन खेपा चुकल्या. पाचव्या दिवशी तिला दम लागायला लागला, पाय भोपळ्यासारखे सुजले. वाडीत तरुण कोणी नव्हतं, सगळे मुंबईत. चार म्हाताऱ्यांनी बांबूला घोंगडं बांधून डोली केली आणि तिला दरडीवरून पलीकडे आणलं. चिखलात त्यातला एकजण घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. आक्का वाचली. तो माणूस पुन्हा उभा राहिला नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिली चौकशी त्याची केली, आणि कळल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तिनं कोणाला गाणं विचारलं नाही.

"महाडात खोली बघू का?" मी तिला विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली. "वाडीत ते तात्या हायेत. शेत हाय, दोन शेरडं हायेत, मानसं खुनेनं बोलतात त्यांच्याशी. हितं ते निस्ता भयरा म्हातारा." मुंबईजवळ दिव्याला राहणाऱ्या मुलाकडे ती दोघं महिनाभर जाऊन आली होती. तिथंही डायलिसिसची सोय होती. पण एका सकाळी तात्या दूध आणायला गेले आणि वाट चुकले. कोणाला विचारावं तर उत्तर ऐकू येणार नाही. संध्याकाळी पोलिसांनी आणून सोडलं तेव्हा दुधाची पिशवी छातीशी धरलेली, दूध नासलेलं. दुसऱ्या दिवशी आक्कानं बोचकं बांधलं.

किडनीचंही बोलणं झालं होतं. तात्या द्यायला तयार होते, पण त्यांना साखर निघाली. मुलगा तयार होता, आक्काच तयार नव्हती. "त्याची बायको माज्याकडं बगत व्हती, मास्तर. काय बोलली नाय. पोटाशी लेकरू धरून निस्ती बगत व्हती. मी त्यालाच म्हनलं, मला नगं." माझ्या बहिणीची किडनी मला जुळते आहे, हे कळलं तेव्हा मी घुटमळत होतो. आक्का माझ्यावर चिडली. "घे. भैन देती तर घे. तुजी पोर अजून दोन वेन्या घालती. न्हाय म्हनायचं तुजं वय न्हाय." वय हा शब्द तिनं जरा जोर देऊन म्हटला होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या जूनच्या पहिल्या शुक्रवारी सुया काढून झाल्यावर ती माझ्या खाटेपाशी आली. एरवी ती थेट तात्यांकडे जायची. वाकून, हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, म्या आता यायची नाय."

"पावसामुळं? मग रस्ता…"

"पावसासाटी न्हाय. नायच यायची." मी उठायला गेलो, हातात सुया होत्या. तिनं खांद्यावर हात ठेवून मला परत टेकवलं. "मला डोलीत न्यायला आता तीनच मानसं उरली. त्यातलं येक आमचं ह्ये. हप्ताभर जगायला दोन दिस वाटंत, आनि दोन दिस अंथरुनात. म्या लई केलं. आता बास."

"तात्यांना सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं, डाक्टरनं पावसुळ्याची सुट्टी दिलीया. गोळ्यांवर भागतं म्हनला." ती बाहेर काचेतून तात्यांकडे बघत होती. "तुलाच सांगितलं. प्रणाली पोर हाय, रडंल, फोन करील. तू गप र्‍हातोस."

डायलिसिस बंद केलं की किती दिवस उरतात, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आठ, दहा, फार तर पंधरा. मंगळवारी ती आली नाही. प्रणालीनं फोन केला तर आक्का म्हणाली, येते शुक्रवारी. शुक्रवारीही आली नाही. रविवारी मी सुजाताला सगळं सांगितलं नाही, फक्त आक्काला भेटून येतो म्हणालो. निघण्याआधी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "डॉक्टरांनी सुट्टी दिलेली नाही. आक्काला आजच महाडला न्या." तात्या चौथी शिकलेले होते, अक्षर लावून वाचायचे. तो कागद घडी करून मी खिशात ठेवला.

घाटात उतरून पायवाटेनं वाडीपर्यंत जायला मला दीड तास लागला. तीन ठिकाणी बसावं लागलं. आक्का ओटीवर घोंगड्यावर उशाला बोचकं घेऊन बसली होती. चेहरा ओळखू येणार नाही असा सुजलेला, डोळ्यांच्या नुसत्या चिरा. मला बघून तिला आनंद झाला नाही. तात्यांना मात्र फार झाला. "मास्तर! आवो मास्तर आलं! बगा, बरी हाय ना आता? सुट्टी दिली डाक्टरनं. थोडी सूज येनार म्हनला, मंग उतरनार." ते मला घट्ट धरून ओटीवर बसवत होते. तसेच आत गेले आणि चुलीवर तवा ठेवला. पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नाही. मी हातानं नको नको करत होतो, ते हसत होते. "तुमाला चालंल. मीठ न्हाय घातलं. आमच्या घरात मीठच न्हाय."

त्यांनी स्वतःही मीठ सोडलं होतं. दोन वर्षं. तिला बिनमिठाचं जेवण गिळवत नाही म्हणून तेही तेच खायचे.

ते आमच्याकडे पाठ करून नाचणीचं पीठ मळत होते. ओटी आणि चूल यांत सात-आठ हातांचं अंतर असेल. माझा हात खिशाकडे गेला. आक्कानं तो बघितला आणि साध्या, नेहमीच्या आवाजात बोलू लागली. दबकं बोलायची गरजच नव्हती.

"काय हाय त्यात?"

"त्यांना कळायला पाहिजे, आक्का."

"कळंल की. मी गेल्यावर कळंल." तिला दोन शब्दांमधे थांबावं लागत होतं. "आता कळलं तर ते मला पाठीवर घेऊन निगतील. आत्ता. ह्या वयाला. घाटात पडतील. आनि पोचलो तरी मंगळवारी परत."

"त्यांचा हक्क आहे."

"हाय. म्या कुठं न्हाय म्हनते." तात्यांनी पहिली भाकरी थापली आणि मागं वळून आमच्याकडे हसून बघितलं. आक्का त्यांच्याकडे बघून हसली. ते परत वळल्यावर म्हणाली, "आठ दिस झालं, त्ये नीट जेवतात. नीट झोपतात. दोन वर्सांत पयल्यांदा. र्‍हाऊ दे रं. थोडं दिस जेवू दे त्यांना."

मी कागद बाहेर काढला नाही. तात्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. भाकरी, कुळथाची पिठी, मीठ नसलेली. ते समोर बसून मी जेवतोय ते बघत राहिले. एक भाकरी संपली तर दुसरी अर्धी वाढली. निघताना आक्काचा हात हातात घेतला. तिच्या मनगटाच्या वर, सुयांसाठी जोडलेल्या शिरेत, रक्ताची घरघर अजून हाताला लागत होती. ती म्हणाली, "भैनीचं काम लवकर करून घे." गाण्यांविषयी आम्ही दोघंही काही बोललो नाही. तात्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. एसटी येईपर्यंत थांबले.

घरी येऊन मी सुजाताला सांगितलं. ती भांडी विसळत होती, ती थांबली. "तुम्ही तिथं बसून जेवलात आणि काही न सांगता आलात?" ती म्हणाली. "आत्ता मुलाला फोन करा." मी म्हणालो, आक्काचं ऐकायला नको का? सुजाता म्हणाली, "तिचं ऐका. पण ते दोघं आहेत. तुम्ही एकाचंच ऐकलंत, कारण ते सोपं होतं." मी सकाळी करतो म्हणालो. सोमवारी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. मंगळवारी केंद्रात गेलो, तिच्या खाटेवर दुसरंच कोणी पडलेलं बघितलं, आणि तेव्हा कुठं मुलाचा नंबर शोधून फोन लावला. तो त्याच दिवशी निघाला. पाऊस होता, गाड्या अडकल्या. बुधवारी दुपारी तो वाडीत पोचला तेव्हा आक्का जाऊन चार तास झाले होते.

मातीला मी गेलो नाही. घाट बंद होता, हे खरंच होतं. चालत गेलो असतो तर पोचलो असतो, हेही खरं आहे. प्रणालीनं फोनवर आक्काची सगळी गाणी एकत्र करून ठेवली होती. ती तिनं कोणाला ऐकवली नाहीत.

पुढं दिवाळीनंतर माझं ऑपरेशन झालं. बहिणीची किडनी माझ्या पोटात नीट चालली आहे. आता मी तहान लागली की पाणी पितो, पेलाभर, मोजल्याशिवाय. प्रत्येकाला एक गाणं असतं, हे आक्काचं मला अजून खरं वाटतं. नव्या माणसाची ओळख झाली की मी त्याला ते विचारतो, लोकांना जरा विचित्र वाटतं. सुजाताला मी तुडीलच्या मुलीचं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?" मग तिनं तिचं सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण ऑपरेशनच्या आधी, जुलैत, एक शुक्रवार आला. मी मशीनवर होतो. दारात तात्या उभे दिसले. मुंडण केलेलं, हातात आक्काची फाइल. केंद्रात परत द्यायची असते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, हात धुतले, आत आले. प्रणालीनं फाइल घेतली, त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. सरळ माझ्या खाटेपाशी आले.

"पोरगा म्हनला, फोन तू केलास," ते म्हणाले. सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तोवर ते मला कधी तू म्हणाले नव्हते. "म्हंजी तुला ठावं व्हतं. रईवारी आलास तवा ठावं व्हतं?"

मी मान हलवली. हो.

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी नीट लावून बघत असल्यासारखे डोळे बारीक केले होते.

"आनि भाकर खाल्लीस आमच्यात," ते म्हणाले.

मी बोलू लागलो. एका हातात सुया होत्या, दुसरा हात मी त्यांच्याकडे पुढं केला होता. तिनंच शपथ घातल्यासारखं सांगितलं होतं, तिला तुमची काळजी होती, मी कागद लिहून आणला होता, खिशात होता, असं कायकाय. तात्या थोडा वेळ माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि खिडकीकडे बघत उभे राहिले, मी बोलायचा थांबेपर्यंत.